पूजाचं वजन आणि बियाण्याची बॅग

धान्य विकताना गोरेगावच्या मोंढ्यातल्या एकाही काट्यावर हरिचंदने आजवर विश्वास ठेवला नव्हता. त्यामुळे त्याची तिसरीतली लेक पूजा शाळेतून 'वजन कमी' अशी चिठ्ठी घेऊन आली, तेव्हा त्याने पहिला संशय काट्यावरच घेतला. त्याच्या बायकोला, नानीबाईला मात्र काट्याशी देणंघेणं नव्हतं. आईच्या हातचं खाऊन लेकरू वाळलं, असं आता सगळा तांडा म्हणणार, हेच तिच्या जिव्हारी लागलं होतं.

"तपासनीच्या मॅडम उद्या बी येनार हाईत," ती म्हणाली. "चिठ्ठी बदलून आणा."

दुसऱ्या दिवशी हरिचंद बियाण्याची तीस किलोची सीलबंद बॅग खांद्यावर टाकून शाळेत पोचला. मागून चिठ्ठीवाल्या पोरांचे आणखी आठ-दहा बाप.

"मॅडम, मोंढ्यात कापतात तसं ओलाव्याचं किती कापलं?" त्याने तपासणीला आलेल्या डॉक्टर अपर्णाला विचारलं.

"मुलांचा ओलावा कापत नाहीत हो."

"मग पोरगी कमी काहून भरली? ठेवू का बॅग?"

अपर्णाने ठेवू दिली. काट्याने अठ्ठावीस किलो सहाशे दाखवले.

"लेकरामागं दीड किलो!" त्या बापांतला रामसिंग कडाडला. "मोंढ्यात बी इतकं खात न्हाईत!"

अपर्णा खाली वाकली. पाहुण्यांचा मान म्हणून गुरुजींनी काट्याखाली सतरंजीची चौपदरी घडी घातली होती. तिने ती ओढून काढली आणि काटा फरशीवर ठेवला. बॅग तीस भरली.

"आता मान्य?"

"आता एकदम बराबर!" हरिचंदने सगळ्यांदेखत जाहीर केलं.

पोरं पुन्हा तोलली. एकेक नाव यादीतून उडालं, एकेक बाप मिशीवर हात फिरवत घरी गेला. शेवटी पूजा चढली. एकोणीस किलो चारशे.

"वीस तरी हवेत," अपर्णा हळूच म्हणाली.

हरिचंदने वाकून काट्याखाली पाहिलं; फरशीच होती. काट्याला नाव ठेवायची सोय त्याने स्वतःच घालवली होती.

"सकाळी काय खातेस गं?" अपर्णाने विचारलं.

"चहा," पूजा म्हणाली. "भाकर व्हायच्या आत घंटी व्हती."

"मग आईच्या हातात खोट नाही. वेळ चुकते. भाकर खाऊनच पाठवा."

हरिचंदचा चेहरा उजळला. त्याने चिठ्ठी पुढे केली.

"हे लिवून द्या, मॅडम."

अपर्णाने लिहिलं : 'सकाळी खायला देऊन पाठवावे.'

"हे खाली ऱ्हाऊ द्या," हरिचंद काकुळतीने म्हणाला. "आईच्या हातात खोट न्हाई, ते वर लिवा. आन् शिक्का मारा."