बापूसाहेबांच्या नावाची चादर

मित्रांनो, मी एक जुनी सोलापुरी चादर आहे. दिसते गरीब, पण मनात धरून ठेवते. आज ऐका, मी सूड कसा घेतला ते.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमागावर माझा जन्म झाला. ऊब इतकी, की एकदा माझ्यात गुंडाळलेल्या अंड्यांतून संध्याकाळपर्यंत पिल्लं निघाली. पटत नसेल तर कोंबडीला विचारा. माझ्या मधोमध लाल सुतात अक्षरं विणली होती, 'मा. बापूसाहेब यांस सप्रेम भेट'. छापलेली नव्हेत, विणलेली.

बापूसाहेब कॉलनीचे अध्यक्ष. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, यावर ते असं बोलत की केळीची सालं आपण होऊन डब्यात जाऊन बसत. त्या भाषणाच्या सत्कारात मी त्यांच्या खांद्यावर पडले. बारा हिवाळे त्यांनी मला पांघरलं. पाहुणे आले की मला दिवाणावर पसरायचे, अक्षरं वर.

मग माझी कड उसवली, एवढाच माझा गुन्हा. एके दिवशी पिशवी सापडेना म्हणून त्यांनी भाजीची देठं, फुटकी बरणी, औषधाच्या बाटल्या सगळं माझ्यातच कोंबलं, गाठ मारली आणि फिरायला जाताना मोकळ्या प्लॉटवर भिरकावून दिलं. अक्षरं आत गेली, त्यांच्या ध्यानातही आलं नाही. माझ्या मात्र आलं. कुजत कुजत मी वाट पाहत राहिले.

तिसऱ्या दिवशी ते आरोग्य निरीक्षक सोमेश यांना घेऊन तिथेच आले. समोर घंटागाडीवरच्या सोजरबाई उभ्या.

"ही बाई चार-चार दिवस फिरकत नाही," बापूसाहेब म्हणाले. "लोकांनी कचरा टाकायचा कुठं? हिला काढा, दुसरी द्या."

"मी रोज येते की सायेब. ह्यांच्या दाराम्होरं घंटा वाजवून हात दुखतो. हे वरनं म्हणत्यात, आमचा कचरा न्हाय. ह्या घरात कोण जेवत न्हाय व्हय?"

सोमेशनी कागद काढला. "मावशी, कचरा समोर दिसतोय. उद्यापासून येऊ नका."

"बरं. आजचा दिस तर माझा हाय, एवढं उचलून जाते," म्हणत बाई माझ्याकडे वाकल्या.

आत फुटकी काच होती. चादरीला हात नसतात म्हणे, पण मी अंगातला धागा न् धागा ताणला आणि त्यांचा हात लागायच्या आत गाठ सोडली. सपकन पसरले, दिवाणावर पसरायचे तशी.

सोमेशनी पहिलीतल्या पोरासारखं एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचलं.

"चोरीला गेली होती ती," बापूसाहेब पुटपुटले.

"आन चोरानं तुमच्या घरची भाजी बी निवडून दिली व्हय?" सोजरबाईंनी विचारलं.

सोमेशनी कागद फाडला. "मावशी, उद्या नेहमीच्या वेळेला या. बापूसाहेब, आता हे ओलं-सुकं वेगळं करा. भाषणात सांगता तसंच."

सगळी कॉलनी गॅलरीत उभी राहिली. बापूसाहेब उकिडवे बसले. मी औषधाची एक गोळी घडीत अशी दडवली, की तिच्यासाठी त्यांना चारदा माझ्यात तोंड खुपसावं लागलं. वास मी तीन दिवस जपून ठेवला होता.

सोजरबाईंनी मला घरी नेलं, धुतलं, कड शिवली. हल्ली त्या मला पांघरून गाढ झोपतात.

मित्रांनो, उसवलं ते शिवा, नको ते कुणाला द्या, कचरा वेगळा ठेवा. हात जोडून सांगते. नाही ऐकलंत, तर माझ्या बहिणी घरोघरी आहेत. आज तुम्ही पांघराल, तीही त्यांतलीच.