नव्वद दिवसांची शेळी

मित्रांनो, मी एक जुनी शेळी आहे. तुम्ही हसाल. म्हणाल, मशीन जुनं होतं, शेळी म्हातारी होते. पण माझी नोंद कागदावर झालीय, आणि कागदावर चढलेली वस्तू जुनीच होते असं मी ऐकलंय. माझ्या डाव्या कानाला पाच भोकं आहेत. ती कशी पडली ते सांगते. मला स्वतःलाच सगळं धड उमगलेलं नाही, तेव्हा मध्ये अडखळले तर सांभाळून घ्या.

डाळजला दत्तोबांच्या गोठ्यात माझा जन्म झाला. अंगानं काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. दत्तोबा आल्यागेल्याला सांगायचे, "आशी शेळी पंचक्रोशीत न्हाय." ते ऐकून मी चांगलीच शेफारले होते, खोटं कशाला बोलू! एक दिवस सोनल मॅडम आल्या. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात मोबाइल. त्यांनी माझे दात पाहिले, मला विकत घेतलं आणि टेम्पोत चढवलं.

वाटेत मॅडम सारख्या फोनवर बोलायच्या. त्यावरून मला कळलं ते असं. निराधार बायांना कामाला लावायचं काम आधी सरकार स्वतः करायचं. आता ते एका कंपनीला ठेक्यानं दिलं होतं. बाई कामाला लागली आणि नव्वद दिवस टिकली, तरच कंपनीला पैसे मिळणार. ती कामाला लागली हे दाखवायला फोटो पाहिजे. ज्या बायांनी शेळीपालन निवडलं, त्यांच्या फोटोत मी.

नरसिंहपूरला भामाबाईंच्या दारात मला पहिल्यांदा उभं केलं. बिचारीनं माझ्या पायांवर पाणी घातलं, गुळाचा खडा चारला. मला वाटलं, चला, आपलं घर आलं! तेवढ्यात कानात पिवळा बिल्ला ठोकला, फोटो निघाला, आणि मी परत टेम्पोत. भामाबाई मागनं ओरडल्या, "आवं, शेळी कुठं न्हेताय?" मॅडम म्हणाल्या, "इंजेक्शन द्यायचंय मावशी, आणतो परत." आणलं की परत! तिसाव्या दिवशी आणि नव्वदाव्या दिवशी, फोटोपुरतं.

पुढं तेच चालू झालं. गाव बदललं की जुना बिल्ला कापायचा, नव्या बाईच्या नंबरचा ठोकायचा. आधीच्या बाईकडं परत फोटोला गेलं की तिच्या नंबरचा जुन्याच भोकात अडकवायचा. कान नुसता ठणकायचा. मला कोडं पडायचं, कामाला लागलंय तरी कोण? बाया होत्या तिथंच होत्या. उन्हातान्हात फिरत होते ती मी! पुढं पुढं तर मोबाइल दिसला की मी आपणहून मान वर करायला लागले.

मग मी गाभण राहिले. पोट दिसायला लागलं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, आता हिला टेम्पोत घालू नका. तेव्हा मी लोणी भापकरला प्रयागबाईंच्या दारात होते, पाचवा बिल्ला नुकताच ठोकलेला. नाइलाजानं मला तिथंच ठेवलं.

प्रयागबाई एकट्या होत्या. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, गुडघे धरलेले. दर महिन्याला सरकारकडून निराधारांची मदत यायची, तिला सगळे निराधारचा पगार म्हणायचे, त्यात किराणा आणि गोळ्या भागायच्या. तरी माझ्यासाठी त्या बांधाबांधानं फिरून शेवरीचा पाला आणायच्या. मला चांदी म्हणायच्या. त्याआधी मला कुणी नावच ठेवलं नव्हतं हो! मी व्याले तेव्हा माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. "आशी गं माजी बाय, आजून थोडी कळ काढ." दोन करडं झाली, एक बोकड आणि एक पाट, म्हणजे मादी. इतकं सुख मला आयुष्यात दुसरीकडं लाभलं नाही.

आणि त्याच महिन्यात त्यांचा पगार आला नाही. कचेरीत चौकशी करून आल्या आणि माझ्यासमोर बसकण मारली. "चांदे, तुज्यापायी माजा पगार बंद झाला गं. मी म्हनं आता कामाला लागलीया. तुजा आन् माजा फोटू हाय तितं." मला वाटलं, आता बसतोय रट्टा. पण त्यांनी उठून माझ्यापुढं पाणी ठेवलं.

एकोणनव्वदाव्या दिवशी सोनल मॅडम आल्या. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "मावशी, उद्या सरकारचे साहेब पाहणीला येतील. फक्त 'शेळी माझी' म्हणा. शेळी, करडं, सगळं कायमचं तुमचं. माझा आकडा भरला नाही तर मला काढून टाकतील हो!"

"आन् माजा पगार?"

"तो मग सुरू होणार नाही."

प्रयागबाई कितीतरी वेळ माझं अंग खाजवत राहिल्या. "एका शेळीवर माजं पोट चालंल व्हय गं? उद्या हिला काय झालं तर मी काय खाऊ?"

दुसऱ्या दिवशी मॅडमबरोबर साहेब आले. "आजी, शेळी तुमचीच ना?" प्रयागबाईंचा हात माझ्या पाठीवर होता. माझा जीव टांगणीला लागला. म्हण ना बाई, माझी म्हण!

"न्हाय सायेब. माजी न्हाय. मी वाट्यानं संबाळली. आमच्यात दुसऱ्याची शेळी संबाळली की निम्मी करडं संबाळणाऱ्याची. दोन झाली. बोकड त्यांचा, पाट माजी."

साहेब म्हणाले, "म्हणजे तुम्ही कामाला आहात की नाही?"

"आवं, कामाला मी कवा न्हवते?"

साहेबांच्या कागदावर दोनच चौकोन होते. त्यांनी पेन खाली नेलं, परत उचललं, डोकं खाजवलं. मला वाटायचं गोंधळलेली मी एकटीच. साहेबही माझ्याच पंगतीतले निघाले! शेवटी त्यांनी 'नाही'वर खूण केली. पुढच्या महिन्यात मॅडम मला आणि बोकडाला न्यायला टेम्पो घेऊन आल्या, तेव्हा प्रयागबाईंचा पगार सुरू झाल्याचं कुणाला तरी फोनवर चिडून सांगत होत्या. पाट प्रयागबाईंकडंच राहिली.

ठेका संपल्यावर मला बाजारात विकलं. आता मी इंदापूरकडच्या एका डाळिंबाच्या बागेत बांधलेली असते. चारापाणी मिळतं, तक्रार नाही.

मित्रांनो, कुणाला आधार द्यायला गेलात तर फोटो काढून लगेच माघारी फिरू नका. जरा थांबा, विचारपूस करा. मुकं जनावर असो की माणूस, नव्वदाव्या दिवशी त्याची भूक संपत नाही. एवढं मला पक्कं कळलंय.

एक मात्र अजून उमगत नाही. चार बायांच्या कागदावर मी त्यांची आहे, आणि त्यांच्या दारात मला घटकाभरसुद्धा ठेवलं नाही. जी "माजी न्हाय" म्हणाली, ती मात्र त्या दिवशी मला घेऊन टेम्पो हळूहळू सुटला तरी मागनं माझं दावं हातात धरून, दुखऱ्या गुडघ्यांनी डांबरी रस्त्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आली.