नदीतला श्वास

आमच्या यांची नजर दिवसेंदिवस मंदावत चालली होती, म्हणून नदीतले डॉल्फिन बघायला यंदाच जायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण प्रवास कंपनीत गेल्यावर हेच अडून बसले.

"मला नेऊन काय उपयोग? आंधळ्याला आरसा कशाला?"

टेबलापलीकडची मुलगी हसली. "काका, त्या गढूळ पाण्यात चांगल्या डोळ्यांनाही नुसती पाठ दिसते, तीही क्षणभर. आणि तिथल्या डॉल्फिनला स्वतःलाच जवळजवळ दिसत नाही. सगळं आवाजावर चालतं त्याचं."

"काहीतरीच!"

तिने तिथल्या नावाड्याने पाठवलेलं रेकॉर्डिंग फोनवर लावलं. आधी पाण्याची खळखळ, मग एकाएकी फुस्सकन एक मोठा, ओला श्वास. हे दचकले. त्यांनी फोन कानाशी धरून डोळे मिटले. पुन्हा श्वास आला, या खेपेला अगदी जवळून. माझ्या अंगावर काटा आला आणि तोंडून जप सुरू झाला. न बघता अख्खी नदी ओळखणारा जीव देवाने घडवला होता, आणि आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता.

"होडीत पुढची जागा मिळेल?" यांनी हळूच विचारलं.

"मिळेल की."

"मग दोघांची नावं लिहा. फक्त हिला सांगा, तिथे जप मनातल्या मनात करायचा. मला ऐकू यायला हवं."