मूळ नमुना

दुसऱ्याच्या दारची फुलं चोरणारे लोक पुष्कळ असतात. सकाळी फिरायला म्हणून निघायचं आणि कुंपणाबाहेर आलेली फांदी ओढायची, यात काही नवीन नाही. पण स्वतःच्याच गॅलरीतल्या, स्वतःच लावलेल्या कुंडीतून, बायको उठायच्या आत कळ्या चोरायच्या आणि तेही पंचवीस वर्षं, हा पराक्रम एका डॉक्टरांच्याच नावावर होता.

डॉक्टर म्हणजे औषधवाले नव्हेत. वनस्पतिशास्त्राचे. इमारतीत नवीन बिऱ्हाड आलं की पहिल्या आठवड्यात कुणीतरी ताप आलेलं मूल काखेत मारून त्यांचं दार वाजवायचं आणि मग खरा प्रकार कळला की परत जायचं. पुढे त्यांना सगळे 'पाल्याचे डॉक्टर' म्हणायला लागले. हर्बेरियममध्ये, म्हणजे जिथे वाळवलेली झाडं कागदावर चिकटवून लोखंडी कपाटांत ठेवतात तिथे, त्यांची तीस वर्षं गेली होती. अंगाला डांबराच्या गोळ्यांचा वास कायमचा बसला होता. बायको म्हणायची, तुम्हाला कसर लागायची भीती नाही.

आता कळ्यांची भानगड. सव्वीस वर्षांपूर्वी, लग्न नुकतंच झालेलं असताना, डॉक्टरांना एका डोंगराच्या उतारावर एक हातभर उंचीचं झुडूप मिळालं. चौकोनी दांडा, लवदार पानं, चुरगळलं की वास. पुदिन्याच्या कुळातलं हे आंधळ्यालाही कळलं असतं. प्रश्न जातीचा होता. त्या डोंगरात या गटातली एक जात गवतासारखी माजलेली आहे. तिच्या फुलात चार पुंकेसर असतात आणि त्यांचे तंतू बुडाशी जुळून त्यांची बारीक नळी झालेली असते. डॉक्टरांनी आणलेल्या झाडाला एकच तुरा होता आणि उमललेलं फूल एकच. ते त्यांनी पाण्यात उकळून, भिंगाखाली धरून सुईने उघडलं. तंतू मोकळे दिसले. चारही सुटे. आता ते मुळातच सुटे होते की सुईने सुटले, हे डॉक्टरांनी त्या दिवशी स्वतःला फार खोलात जाऊन विचारलं नाही. नव्या नवऱ्याला आणि नव्या शास्त्रज्ञाला तेवढा धीर कुठून असणार?

जात नवी ठरली. स्वतःचं नाव स्वतःच्या झाडाला द्यायचं नाही, असा या लोकांत संकेत आहे. बायकोचं द्यायला कुणाची ना नाही. डॉक्टरांनी तिच्या नावाला लॅटिन शेपूट जोडलं, चित्र काढलं, मोकळे केसर ठळक दाखवले आणि छापून आणलं. मूळ नमुना, म्हणजे ज्या वाळक्या झाडावरून नाव पडलं ते, लाल कडेच्या घडीत जाऊन कपाटात बसला. त्याच झाडाची एक फांदी त्यांनी ओली असतानाच कौतुकाने घरच्या कुंडीत लावली होती.

पुढच्या वर्षी ती फुलली. डॉक्टरांनी एक फूल गुपचूप ऑफिसात नेऊन उघडलं. नळी होती. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. नळीच. म्हणजे झाड तेच, डोंगरभर माजलेलं, आणि नाव मोठं लक्षण खोटं.

तेव्हाच कबूल केलं असतं तर चार ओळींत भागलं असतं. पण तोवर बायकोने छापील पान चौकटीत घालून माहेरी पाठवलं होतं. शिवाय डॉक्टरांच्या नावावर तीच एक जात होती, आणि पुढेही तीच राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची. उरलेला तुरा त्यांनी मुरगळला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. तिथून तो ऑफिसच्या केराच्या टोपलीत गेला. तेव्हापासून हा नेम. "हे फुलतं का हो कधी?" बायकोने एकदोनदा विचारलं. "लाजाळू आहे ते," डॉक्टर म्हणाले.

देवाने म्हणा, नशिबाने म्हणा, त्यांना साथही दिली. डोंगराच्या त्या उतारावर खाणीने पोकळी केली. मूळ नमुन्यावरचा तुरा किड्यांनी फस्त केला. पानाच्या अर्कावरून नातं काढणारं यंत्र संस्थेत आलं, पण आलं त्या दिवसापासून ते दुरुस्तीलाच होतं. डॉक्टर निवृत्तीच्या काठाला लागले आणि तेवढ्यात भिंगवाली आली.

भिंगवाली म्हणजे नवी संशोधक. गळ्यात इतर मुली साखळी घालतात तसं हिच्या गळ्यात भिंग. ती या सगळ्या गटावर पुस्तक लिहीत होती, एकेक जात पुन्हा तपासून. तीन वर्षं ती डॉक्टरांच्या टेबलाशी येऊन त्याच अदबीने तेच विचारायची.

"सर, तुमच्याकडचं झाड फुललं का?"

"नाही गं. आमच्याकडची हवा मानवत नाही त्याला."

"पानं तर छान आहेत म्हणता."

"पानांचं काय, पानं माझ्या डोक्यावरच्या केसांपेक्षा बरी आहेत."

ती हसायची आणि जायची. चोराच्या मनात चांदणं, तसं डॉक्टरांना तिचं हसणंही संशयी वाटायचं. मग शेवटच्या महिन्यात ती म्हणाली, "सर, पुस्तक तीस तारखेला छापायला जातंय. तोवर फूल मिळालं नाही तर तुमची जात आहे तशी ठेवते." तीस तारखेलाच डॉक्टर निवृत्त होणार होते. म्हणजे फक्त तीन आठवडे कळ्या खुडायच्या होत्या. पंचवीस वर्षांपुढे तीन आठवडे म्हणजे काहीच नाही.

पण त्यांचा मोतीबिंदू पिकला होता. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आधीच झालं होतं, आता उजव्याची तारीख आली आणि ती पुढे ढकलायला डोळ्यांचे डॉक्टर तयार होईनात. दहा दिवस वाकायचं नाही, मातीत हात घालायचा नाही, काळा चष्मा काढायचा नाही. शेवटी नाइलाजाने ते बायकोला म्हणाले, "अगं, ऐकलंस का, त्या कुंडीत तुरा-बिरा दिसला तर खुडून टाक. पानं खुजी होतात त्याने."

"बरं," बायको म्हणाली.

तिचं 'बरं' फार सोयीचं होतं. त्यात होकार असायचा, नकार असायचा, आणि बरेचदा 'बघते तुमच्याकडे' असायचं. सव्वीस वर्षांत डॉक्टरांना यातला फरक ओळखता आला नव्हता. झाडांच्या पानांवरची लव ते नीट ओळखत.

आठव्या दिवशी दुपारी ते काळा चष्मा लावून आतल्या खोलीत पडले होते. गॅलरीतून बायकोचा आवाज आला आणि त्यापाठोपाठ दुसरा, तरणा. भिंतीला हात लावत ते बाहेर गेले.

कुंडीतल्या झाडावर निळसर जांभळे तुरे उभे होते. एक नाही, सात. दोन दोन ओठांची चिमुकली फुलं खालून वर उमलत गेली होती. आजवर त्यांनी हे झाड असं कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते सुंदर होतं. भिंगवाली खाली मांडी घालून बसली होती आणि तिच्या गुडघ्यावर पांढऱ्या कागदावर एक फूल उघडून पडलं होतं.

"मीच बोलावलं हिला," बायको म्हणाली. "तुमच्या वहीत नंबर होता. म्हटलं, एवढ्या वर्षांनी फुललंय, पोरीलाही बघू दे."

भिंगवालीने भिंग डोळ्याला लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "सर," ती हळूच म्हणाली, "नळी आहे."

"कसली नळी?" बायकोने विचारलं.

"काकू, म्हणजे हे झाड वेगळं नाही. डोंगरावरचं नेहमीचंच." मग घाईघाईने ती डॉक्टरांकडे वळली. "तेव्हा भिंगं साधी होती, सर. एकच फूल होतं. चूक कुणाचीही होते."

पोरीने किती चांगली पळवाट काढून दिली होती. डॉक्टर त्या पळवाटेने निघाले. "हो ना. साधी भिंगं," ते म्हणाले. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. काळा चष्मा होता म्हणून बरं झालं.

तीस तारखेला निरोपाचा कार्यक्रम होता. हार, भाषण, एक घड्याळ. सगळं आटोपल्यावर बायको म्हणाली, "मला ते बघायचंय." सव्वीस वर्षांत ती पहिल्यांदाच कपाटांच्या खोलीत आली. भिंगवालीने लाल कडेची घडी आणून टेबलावर उघडली आणि बाजूला एक चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीवर नेहमीच्या झाडाचं नाव होतं. "सर, तुम्हीच चिकटवा. आणि खाली सही करा," ती म्हणाली आणि शहाण्यासारखी दाराशी जाऊन कारकुनाशी बोलत उभी राहिली.

बायकोने वाळलेल्या झाडाखालची जुनी चिठ्ठी बोट ठेवून वाचली. शेजाऱ्यांची ती डॉक्टरीणबाई होती, ऑफिसातल्यांची वहिनी, मुलाची आई. मतदारयादीत तिचं नाव होतं, पण तेही चुकलेलं. अक्षर न् अक्षर बरोबर असं ते याच एका कागदावर होतं.

"आता हे फाडणार?"

"छे. जुनी चिठ्ठी कुणी काढत नाही. नवी तिच्याशेजारी लावायची. पुस्तकातही जुनं नाव राहतं, खऱ्या नावाच्या खाली, बारीक अक्षरात."

"म्हणजे दुसऱ्याच्या नावाखाली, बारीक अक्षरात," ती म्हणाली. "मग त्यात नवं काय? लग्न झाल्यापासून तशीच तर राहतेय."

डॉक्टरांनी डिंकाची बाटली उगाच हलवली.

"तुम्हाला कधी कळलं होतं?"

आता काळा चष्मा नव्हता. "दुसऱ्या वर्षी," ते म्हणाले.

"पंचवीस वर्षं तुमच्या सदऱ्यांचे खिसे मीच धुतले. जांभळे डाग निघता निघत नाहीत. आधी मला वाटायचं, ऑफिसात कुणासाठी तरी नेता. मग म्हटलं, एवढं कौतुक तुमच्या अंगात कुठलं." ती थोडी हसली, मग थांबली. "माझं फूल मला एकदा बघायचं होतं, एवढंच. खोटं निघालं असतं तरी चाललं असतं."

डॉक्टरांना लाज वाटली. नोकरीभर कधी वाटली नव्हती इतकी. "तुझं नाव राहावं म्हणून केलं गं मी."

"माझं नाव राहावं म्हणून," ती म्हणाली. "शेवटचं कधी घेतलंत ते तोंडाने?"

ती निघाली. डॉक्टर आठवत राहिले. काही केल्या आठवेना. त्यांनी चिठ्ठी चिकटवली, सही केली, घडी मिटली आणि तिच्या मागे गेले. ती लांबलचक व्हरांड्यात बरीच पुढे पोहोचली होती. हे नाव त्यांनी शेकडो वेळा लिहिलं होतं, शेपटासकट. बिनशेपटाचं तोंडातून निघताना जीभ अडखळली, पण त्यांनी हाक मारली.

ती चालतच राहिली. त्यांनी पुन्हा मारली, जरा मोठ्याने. भिंगवालीने मान वळवली, कारकुनाने वळवली. तेव्हा कुठे ती थांबली, आणि आपल्या आजूबाजूला आणखी कोण बाई आहे ते बघायला लागली.

"अहो," तिने तिथूनच विचारलं, "कुणाला हाक मारताय?"