तळव्यावरचं प्लास्टिक

मी बोलतोय, पण कपाटावरच्या बंद खोक्यातून. आवाज दबका आला तर सांभाळून घ्या. मी एक कूलर आहे. खोलीत वारा सोडणारा नव्हे, कॉम्प्युटरच्या पोटात बसून प्रोसेसरचा ताप उतरवणारा. एका टोकाला माझा तांब्याचा तळवा, मध्ये दोन रबरी नळ्या, दुसऱ्या टोकाला जाळी आणि एकुलता एक पंखा. पोटात घोटभर पाणी. तळवा प्रोसेसरच्या माथ्यावर टेकला की त्याची उष्णता पाण्याने उचलायची आणि जाळीतून बाहेर घालवायची, एवढंच मला येतं.

कारखान्यातल्या तपासणीवाल्या बाईंनी माझा तळवा आरशासारखा पुसला. ओरखडा पडू नये म्हणून त्यावर पारदर्शक प्लास्टिक चिकटवलं आणि सोलायला सोपं जावं म्हणून कोपऱ्यात एक शेपटी ठेवली. बसवताना ते काढायचं असतं, हे त्या बाईंना माहीत होतं आणि मला माहीत होतं.

दुकानात माझ्या शेजारी तीन पंख्यांचे धिप्पाड कूलर बसायचे. गिऱ्हाईक त्यांच्याकडेच वळायचं. एकदा एक निवृत्त गृहस्थ आले. तीस वर्षं बंदरावर क्रेन चालवलेले, म्हणून दुकानदार त्यांना क्रेनकाका म्हणायचा. खिशात मापाची टेप आणि कॉम्प्युटरच्या डब्याचं पेन्सिलीने काढलेलं चित्र.

"काका, मोठा घ्या. गेमसाठी सगळे तोच नेतात," दुकानदार म्हणाला.

"सगळ्यांचा डबा मोठा असेल. माझा एवढाच आहे," काका म्हणाले. "ओझं किती आणि जागा किती, हे आधी बघायचं. मग क्रेनचा आकडा अडकवायचा."

त्यांनी मला आडवं मापलं, उभं मापलं, नळ्या कुठे वळतील तेही बोटाने हवेत काढून पाहिलं. प्रोसेसर किती तापतो हे कागदावरून वाचून दाखवलं. शेवटी मला उचललं. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं मी मनात म्हणून घेतलं.

घरी कळलं की खेळ साधासुधा नाही. काकांची लेक दूर देशी नोकरीला. दर रविवारी सकाळी दोघं कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचे, डोंगरातल्या एकाच रस्त्यावर. ती पुढे, काका मागे. फोनवर ही बापलेक दहा मिनिटांत गप्प होत, पण ट्रकमध्ये दोन तास सहज जात. वळणावळणावर एखादं वाक्य यायचं. ऑफिसात मन लागत नाही, हे तिने असंच एका चढावर सांगितलं होतं. हल्ली मात्र जुना कूलर दमला होता आणि कॉम्प्युटर मध्येच बंद पडत होता. म्हणून मी.

आता त्या घराची एक खोड सांगतो. तिथे नव्या वस्तूचं प्लास्टिक कोणी काढत नाही. टीव्हीचा रिमोट पिशवीत, खुर्च्यांच्या बैठकीवर कव्हर, फ्रिजच्या दारावर सहा वर्षांपूर्वीची झिल्ली अजून तशीच. काकांनी मला बसवायला घेतलं, शेपटीला नख लावलं, आणि काकू म्हणाल्या, "अहो, राहू द्या ना. चरे पडतील."

काकांनी नख काढून घेतलं. प्लास्टिकवरच उष्णता नीट पोहोचवणारा लेप लावला, मला प्रोसेसरवर ठेवलं आणि चारही स्क्रू अगदी नीट आवळले.

मी काय करणार होतो? मला तोंड नाही. पंप फिरत होता, पंखा फिरत होता, खाली प्रोसेसर भाजून निघत होता, आणि मध्ये प्लास्टिक असल्याने त्याची धग माझ्यापर्यंत धड पोहोचत नव्हती. काकांनी नळीला हात लावून पाहिला. "थंडगार आहे बघ," ते खुशीत काकूंना म्हणाले. अहो, मी थंड होतो हेच तर चुकलं होतं.

पहिल्या रविवारी विसाव्या मिनिटाला पडदा काळा झाला. दुसऱ्या रविवारी पंधराव्या. तिसऱ्या रविवारी लेक घाटात ट्रक थांबवून वाट बघत राहिली, मग तिने फोन केला.

"बाबा, तुम्ही दिसेनासे झालात. मी म्हटलं होतं ना, मोठा घ्या."

"छोटा पडला गं. माझं माप चुकलं."

"असू दे हो."

"चुकत नव्हतं कधी. वय झालं म्हणायचं. जाऊ दे ते ट्रक-बिक, आपण फोनवरच बोलत जाऊ."

ती काहीतरी सांगायच्या बेतात होती. "बरं," एवढंच म्हणाली.

काकांनी मला काढलं. लेप पुसताना प्लास्टिकवरून फडकं फिरलं, शेपटी त्यांच्या अंगठ्याखाली आली. आता तरी ओढा, ओढा, असं मी जीव तोडून म्हणत होतो. "बघ, प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही," ते काकूंना म्हणाले. "नवाकोरा आहे. कुणाच्या तरी उपयोगी पडेल." आणि झाकण लागलं.

त्याला आता बरेच महिने झाले. रविवारी खालून फोन ऐकू येतो. जेवलीस का, औषध घेतलं का, तिकडे थंडी आहे का. मग "बरं, ठेवतो." नंतर काका त्या बंद कॉम्प्युटरवरची धूळ पुसतात आणि त्यावर कापड घालतात. परवा काकूंनी पडद्यासाठी खिडकीचं माप घ्यायला सांगितलं, तर म्हणाले, "सुताराला बोलाव. माझ्या मापाचं काही खरं नाही." ते ऐकून माझ्या पोटातलं पाणी हललं.

मला वाईट वाटतं ते अडगळीत पडल्याचं नाही. वस्तूच्या नशिबी ते असतंच. ज्याने मला इतकं पारखून निवडलं, तो माणूस स्वतःलाच खोटा समजतो आहे, आणि मला ते सांगता येत नाही.

कधीतरी कोणी हे खोकं उघडाल. तेव्हा माझ्या तळव्याच्या कोपऱ्यात नख घाला आणि ते प्लास्टिक सोलून काढा. पण मला लगेच कुठे बसवू नका. आधी ते प्लास्टिक घेऊन काकांकडे जा, त्यांच्या हातात ठेवा आणि सांगा, काका, तुमचं माप बरोबर होतं.