दोन खणांची चोळी

मी एक जुनी खणाची चोळी आहे, आणि माझं डोकं अजून तापलेलं आहे, हे आधीच सांगून ठेवते. मित्रांनो, तुटक्या छत्रीनं किंवा शाळेतल्या जुन्या बाकानं आपली कहाणी सांगितलेली तुम्ही ऐकली असेल. ती बिचारी शेवटी दोन टिपं गाळतात आणि गप्प बसतात. मला ते जमायचं नाही. ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या वासात पडून माझा जांभळा रंग फिका झाला, राग मात्र होता तसा आहे.

मुळात मी एक नव्हते, दोन होते. गुळेदगुडच्या मागावर विणलेले दोन खण, जांभळ्या अंगाचे, लाल काठांचे. तिथून आम्ही पुण्याला आलो आणि पुण्याहून शकुनताईंच्या सामानातून कलकत्त्याला. शकुनताईंचं घर भवानीपुरात, तीन पिढ्या तिथंच. बदली होऊन आलेल्या प्रत्येक मराठी बाईला भाजीवाल्यापासून भटजीपर्यंत सगळं त्याच मिळवून द्यायच्या, त्यामुळे त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. दर चैत्रात त्यांच्याकडे गौरीचं हळदीकुंकू असे. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी आणि प्रत्येकीच्या ओटीत एक खण. बाई लुकडी असो की दांडगी, मान एका खणाचाच.

एकाहत्तर सालच्या चैत्रात त्या बायकांत कालिंदीबाई बसल्या होत्या. त्यांचे यजमान श्रीकांतराव खिदिरपूरच्या गोदीत कस्टमचे अधिकारी, मुलगी लीना कॉलेजात. कालिंदीबाई अंगानं चांगल्या भारी होत्या. हसल्या की सगळ्या अंगानं हसायच्या. लीना एवढी मोठी झाली, तरी दुपारी त्यांच्या दंडावर डोकं ठेवून झोपायची. शकुनताईंनी त्यांच्या ओटीत एक खण घातला. मग तबकातला दुसरा उचलला आणि तोही घातला.

"तुला बाई एकात भागायचं नाही," त्या म्हणाल्या. "एक पुढून, एक मागून!"

बायका पन्ह्याचे पेले सांभाळत खिदळल्या. आणि कालिंदीबाई? त्या सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तिथंच. अहो, ज्या पदरात मान घालायचा त्यात अपमान घातला, आणि वर तो घेणारीनंच हसायचं! घरी आल्यावर त्यांनी आम्हा दोघांना ट्रंकेच्या तळाशी टाकलं आणि वर लोकरीचे कपडे रचले.

त्याच पावसाळ्यात त्यांना मधुमेह निघाला. डॉक्टरीणबाई बंगाली, बोलायला फटकळ. वजन उतरवलं नाही तर डोळे जातील, आणि कुठं जखम झाली नि ती लपवलीत तर हात-पाय कापायची पाळी येईल, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. कालिंदीबाईंनी मग कंबर कसली. भात सोडला, बटाटा सोडला, श्रीकांतराव कौतुकानं आणायचे ते मिष्टी दोईचं, म्हणजे बंगाली गोड दह्याचं, मडकं शेजारी देऊन टाकायला लागल्या. रोज उजाडताना कॅनव्हासचे बूट चढवून ढाकुरियाच्या तळ्याला फेऱ्या. गुडघे ठणकायचे, तळ्यावरची पोरं साडीखालचे बूट बघून फिदीफिदी हसायची, तरी त्यांनी खाडा केला नाही. पुढच्या वर्षीच्या दुर्गापूजेपर्यंत त्या निम्म्या झाल्या होत्या.

आणि कातडी? मित्रांनो, इतकी वर्षं ताणून ताणून जिनं सगळं अंग सांभाळलं, ती कातडी एका वर्षात कुठं आवळून येणार? ती सैल पडली. दंडाखाली लोंबायला लागली, पोटावर तिच्या घड्या पडल्या, गळ्याशी ढिली झाली. यात लाजण्यासारखं काय होतं ते मला आजही कुणी समजावून सांगावं.

पण लोकांची तोंडं कुठं धरता? जाड होत्या तेव्हा "जरा कमी करा हो" म्हणून ज्यांनी जीव खाल्ला, तेच आता म्हणायला लागले, "अगं बाई, किती उतरलीस! आजारी आहेस का?" श्रीकांतराव तसे सज्जन गृहस्थ, पण तेही पाहुण्यांसमोर म्हणाले, "माझी अर्धी बायको हरवली, तक्रार कुठल्या ठाण्यात करू?" दिवाळीच्या फराळाला तर शकुनताईंनी हद्द केली. त्यांनी कालिंदीबाईंचा दंड दोन बोटांत धरला, उचलला आणि सोडून दिला.

"ही काय गं झालर?" त्या म्हणाल्या. "यापेक्षा जाड होतीस तीच बरी दिसायचीस."

परत हशा. कालिंदीबाई या वेळी हसल्या नाहीत. त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला आणि चकली न खाता ताटली खाली ठेवली.

त्यानंतर ट्रंक उघडली. शिंप्याकडे माप द्यायला नको म्हणून त्यांनी दार लावून घेतलं आणि हातमशीनवर मला स्वतःच बेतलं. मित्रांनो, माझ्या रागाचं मूळ इथं आहे, नीट ऐका. आता त्यांना एक खण पुरत होता! आखूड बाह्यांसकट अख्खी चोळी एका खणात बसत होती. ज्या बाईला भरल्या घरात दोन खण देऊन हसले, तिनं स्वतःच्या कष्टानं स्वतःला एका खणात आणलं होतं. तो दिवस मिरवायचा होता. पण त्यांनी दुसरा खण उलगडला आणि त्याच्या बाह्या कापल्या, थेट मनगटापर्यंत, दंडाला घट्ट बसतील अशा. शकुनताईंची थट्टा त्यांनी आपल्याच हातांनी खरी करून दाखवली.

अशी मी जन्माला आले. खणाची चोळी अंगावर खुलावी म्हणून शिवतात, मला झाकण म्हणून शिवलं. वर माझं कौतुकही झालं, ते ऐकून तर मी धुमसायची. "जुन्या वळणाच्या लांब बाह्या, काय शोभतात!" असं बायका म्हणायच्या. माझ्यावरून बेतून त्यांनी घरात घालायला तशाच आणखी दोन सुती चोळ्या शिवल्या. थंडीत ते सगळं निभावलं. फाल्गुन लागला आणि कलकत्त्याची हवा अंगाला चिकटायला लागली. काखेपासून दंडापर्यंत सैल कातडीची जी घडी होती तिच्यात घाम मुरायचा आणि वाळायचा नाही, कारण मी वर आवळून बसलेली. आधी घामोळं आलं, मग लाल चट्टा, मग चट्ट्याचं गळू. मी सगळ्यांत जवळ होते. मला वास आधी कळला, ऊन लागावं तसा चटका आधी कळला. मी ओरडत होते, अगं काढ मला, फेकून दे मला, दाखव कुणाला तरी! चोळीचं कोण ऐकतं?

"आई, हाफ हाताचं घाल ना गं," लीना म्हणायची. ती लहानपणापासून कलकत्त्यात वाढलेली, तिचं मराठी असंच.

"मला गार वाटतं," कालिंदीबाई सांगायच्या.

चैत्रात, कलकत्त्यात, गार! आणि ते घरात पटलंसुद्धा! श्रीकांतराव म्हणाले, वजन उतरल्यावर थंडी वाजत असेल. दवाखान्यात जायचं त्या टाळत राहिल्या, कारण डॉक्टरीणबाई बाही वर करायला सांगतील. हात जाईल हे त्यांना ठाऊक होतं. तरी दंड दिसण्याची भीती हात जाण्याच्या भीतीहून मोठी झाली होती. इतकं मोठं भय एका चिमटीनं घातलं.

त्र्याहत्तरच्या चैत्रात हळदीकुंकू कालिंदीबाईंच्या घरी ठरलं होतं. सकाळपासून त्यांच्या अंगात ताप होता. त्यांनी मला घातलं, ओठ दाताखाली धरून उजवा हात बाहीत सरकवला. संध्याकाळी घर बायकांनी भरलं आणि नेमकी वीज गेली. पंखे थांबले. कंदिलाच्या उजेडात त्या एकेकीला हळद, कुंकू, अत्तर लावत शकुनताईंपर्यंत आल्या. कुंकू लावायला हात कपाळाच्या उंचीला नेला आणि गळू फुटलं. माझी काखेतली शिवण टर्रकन उसवली. कालिंदीबाई कुंकवाच्या करंड्यासकट खाली कोसळल्या.

"भोवळ आली! उकडतंय किती!" बायका म्हणाल्या. मग माझ्या बाहीवर पसरत चाललेला डाग त्यांना दिसला.

"माँ गो!" लीना किंचाळली आणि आईजवळ धावली. तिनं हुक काढले, पण बाही दंडाला चिकटून बसली होती. तिनं कात्री आणली. तिनं मला मनगटापासून खांद्यापर्यंत कापत नेलं. काप पोरी, काप, असं मी म्हणत होते. त्या दिवशीच्या एवढा आनंद मला कधी झाला नाही.

बाही दोन्हीकडे पडली. सोललेली घडी, लोंबणारी लालभडक कातडी, सगळं सगळ्यांनी पाहिलं. कुणीही हसलं नाही. शकुनताईंचा आवाज तेवढा आला, "एवढं मनाला लावून घ्यायचं का गं?"

ऐकलंत? बोलायचं यांनी, आणि मनाला लागलं तर चूक लागलेल्या माणसाची! मला तोंड असतं तर मी तिथंच त्यांना फैलावर घेतलं असतं. लीनानं मान वर केली.

"मावशी, टॅक्सी बोलवा," ती म्हणाली. "बाकी मग बोलू."

खरं ते सांगते, शकुनताई अनवाणी जिना उतरून रस्त्यावर पळाल्या आणि टॅक्सी घेऊन आल्या.

दवाखान्यात एका बाहीनिशी मी अजून त्यांच्या अंगावरच होते. डॉक्टरीणबाईंनी जखम बघितली आणि त्यांचा आवाज चढला. "एतोदिन लुकिये रेखेछिलेन केनो?" इतके दिवस लपवून का ठेवलं, असं त्या विचारत होत्या. कालिंदीबाई भिंतीकडे तोंड करून मराठीतच म्हणाल्या, "लाज वाटली." लीनानं ते बंगालीत सांगितलं आणि सांगतानाच तिला रडू फुटलं.

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या. मग हिंदीत म्हणाल्या की ही कातडी पूर्वीसारखी होणार नाही, तिला धुवा, कोरडी ठेवा, वारा लागू द्या. "आपकी अपनी चमडी है," त्या म्हणाल्या, "चोरी का माल थोडी है।" दारात उभ्या असलेल्या श्रीकांतरावांनी मान खाली घातली. हात वाचला. ताप उतरायला मात्र फार दिवस गेले.

लीना मला टाकून देणार होती. कालिंदीबाईंनी मला मागून घेतलं, गरम पाण्यात धुतलं, चिरलेली बाही दंडापुरती सांधली आणि दुसरीही स्वतः तेवढीच कापली. कोपराच्या वर, दंडाच्या मध्यावर त्यांनी मला दुमडून टीप मारली. शिवताना दार उघडं होतं.

पुढच्या चैत्रात त्या मला घालून शकुनताईंकडे गेल्या. दंडावरचा व्रण दिसत होता, सैल कातडी हात हलेल तशी हलत होती. ओटी घ्यायला त्यांनी पदर पुढे केला. शकुनताईंनी हरभरे घातले, एक खण घातला. मग त्यांचा हात तबकाकडे परत गेला. या वेळी थट्टा नव्हती. त्यांचे डोळे भरले होते, आणि त्यांनी दुसरा खण उचलून घातला. "हा माझ्याकडून, राहू दे," असं त्या पुटपुटल्या.

कालिंदीबाईंनी तो काढून शांतपणे तबकात परत ठेवला.

"एकच, शकुनताई," त्या म्हणाल्या. "त्या वर्षीसुद्धा एकच घालायचा होता."

पुढं त्यांनी मला लीनाच्या हवाली केलं, आता मी तिच्या ट्रंकेत आहे. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे, आणि ते मी हात जोडून करत नाही, दटावून करते. तुमच्या घरी कुणी मावशी, कुणी काका खूप वजन उतरवून आले आणि त्यांची कातडी सैल दिसली, तर चिमटीत धरून बघू नका. विचारायचंच असेल तर कुठं दुखतंय का ते विचारा. आणि जाड माणूस दारात आलं तर सगळ्यांना देता तेवढाच मान द्या, दुसरा खण तबकातच राहू द्या.