तार कापलेला रेडिओ

फरशीच्या दुकानावरचा हॉल खचाखच भरला होता. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत आला होता. आवाजबाबांनी टेबलावरचा जुना रेडिओ उचलला, त्याची कापलेली तार चारी बाजूंना फिरवून दाखवली आणि डोळे मिटून घेतले.

"इथे वीज नाही, तार नाही. इथे फक्त ओढ आहे," बाबा म्हणाले. "ज्याची ओढ खरी, त्याचं माणूस बोलतं."

तारेशिवाय रेडिओ बोलणार याचं नवल करणाऱ्या त्या दोनशे माणसांच्या खिशात तारेशिवाय बोलणारे दोनशे फोन होते. मी चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त करून पोट भरलं आहे, त्यामुळे मागच्या रांगेत मला हसू आवरत नव्हतं. तेवढ्यात रेडिओ खरखरला.

"आई… औषध… बंद करा."

माझं हसू कुठल्या कुठे पळालं. तो आमच्या क्लबातल्या ताईचा आवाज होता. तिला जाऊन आठ महिने झाले होते.

पहिल्या रांगेत तिची आई, शिंपीणकाकू, रेडिओकडे वाकून बोलत होत्या. "घेत नाही गं बाळा. तीन आठवडे झाले, एकही इंजेक्शन घेतलं नाही. तू म्हणालीस तसंच करतेय." त्यांच्या पायाला मळकट पट्टी होती. शेजारी बाबांच्या भारलेल्या पाण्याची बाटली होती.

"पोरगी स्वतःच्या आईला 'करा' कशाला म्हणेल?" कोणीतरी मागून विचारलं.

"वर गेल्यावर सगळेच सगळ्यांना मान देतात," बाबा डोळे न उघडता म्हणाले. माना डोलल्या. आपल्या लोकांना उत्तर मिळालं की पुरे असतं, ते कसलं आहे हे बघायच्या भानगडीत कोणी पडत नाही.

ताई आमच्या कॉम्प्युटर क्लबातली. वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी तो चालवतो. मुलं मोडके लॅपटॉप स्वतःच्या हातानं उघडतात, दुरुस्त करतात आणि गरजू संस्थांना देतात. उरलेल्या वेळात म्हाताऱ्या माणसांना फोन वापरायला शिकवतात. ताई एकोणीस वर्षांची, सगळ्यांत तरबेज. काकूंच्या इन्सुलिनच्या वेळा चुकायच्या, म्हणून औषधाची बोलून आठवण करून देणारा प्रोग्रॅम तिनं लिहायला घेतला. क्लबात गोंगाट फार, त्यामुळे लॅपटॉप घरी नेऊन तिनं आपल्याच आवाजात वाक्यं रेकॉर्ड केली. मग एका तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत ती गेली.

हॉलमधून बाहेर पडताना चष्मिसनं माझी बाही ओढली. ही ताईची मैत्रीण, क्लबातली सगळ्यांत चिवट पोरगी.

"सर, वर शिलाई मशीन कोण चालवतंय?"

"म्हणजे?"

"ती 'आई' म्हणते ना, त्याच्या मागे मशीनची टकटक आहे. रेकॉर्डिंग करताना काकू शेजारी शिवत बसल्या होत्या. वाक्यं साफ करायचं काम माझ्याकडे होतं, दोन दिवस मी ती टकटकच काढत बसले होते. आणि 'औषध घेतलं की घंटा बंद करा' हे आपलंच वाक्य आहे. यानं मधलं कापून टाकलंय."

"पण त्याच्याकडे हे आलं कुठून?" मी विचारलं खरं, पण विचारता विचारताच मला उत्तर कळलं.

लॅपटॉप बाहेर देण्याआधी आमच्याकडे एक यादी भरतात. शेवटचं कलम असतं, 'डिस्क पूर्ण पुसली'. ताईच्या लॅपटॉपपाशी येऊन एकाही मुलाचा हात पुढे झाला नाही. मी म्हणालो, द्या इकडे, मी करतो. माझ्यानंही पुसवलं नाही. मी तिचं फोल्डर नुसतं लपवलं, यादीवर खूण केली आणि लॅपटॉप कपाटात ठेवला. पुढे एका सेवा केंद्रानं लॅपटॉप मागितले. मुलांनी माझी खूण पाहिली आणि विश्वासानं तोही देऊन टाकला. ते केंद्र बाबांचं होतं. उभा जन्म लोकांना 'तपासून बघा' म्हणून सांगणारा मी, मीच तिचा आवाज त्या माणसाच्या हवाली केला होता.

काकूंना त्याच रात्री इंजेक्शन घ्यायला विनवलं, पण लेकीच्या शब्दापुढे त्या कोणाचं ऐकेनात. त्या आठवड्यात चष्मिसनं स्वतःकडच्या साफ केलेल्या वाक्यांवर ताईचा प्रोग्रॅम पुरा केला आणि क्लबात शिकायला येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या फोनवर चढवला. त्यांतले निम्मे बाबांकडे जायचेच. बाबांचा रेडिओ दर शनिवारी बरोब्बर सहाला बोलायचा, म्हणून घंटेची वेळ तिनं संध्याकाळी सहाची ठेवली.

शनिवारी सहा वाजता रेडिओतून "आई…" आलं आणि त्याच क्षणी हॉलभर सात फोन बोलू लागले. "औषध घ्या. औषध घेतलं की घंटा बंद करा." तोच आवाज. एक निवृत्त पोस्टमन फोन चाचपत उठले. "अहो, ही माझ्याकडे कशी आली? मी तर हिला ओळखतही नाही."

"आत्मा सर्वत्र असतो," बाबा म्हणाले, पण आवाज जरा चिरकला.

"असेल. पण आजोबांच्या गोळीची वेळ आत्म्याला मी सांगितली," चष्मिस म्हणाली, आणि तिनं सगळं नीट समजावून दिलं. मी स्क्रूड्रायव्हर काढून रेडिओ उघडला. आत जुना एकही भाग नव्हता, फक्त मुठीएवढा बिनतारी स्पीकर. पडद्यामागे बाबांचा चेला आमच्याच लॅपटॉपसमोर बसला होता. झाकणावर क्लबाचं स्टिकर होतं, तेही काढायचे कष्ट त्यांनी घेतले नव्हते. बाबा मागच्या जिन्यानं अनवाणी पसार झाले. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. काकू पहिल्या रांगेत तशाच बसून होत्या.

आम्ही त्यांना घरी आणलं आणि लॅपटॉपवरचं मूळ रेकॉर्डिंग लावलं. मशीनच्या टकटकीतून ताई म्हणत होती, "आई, थांब जरा. एवढं झालं की तुझं इन्सुलिन देते."

काकूंनी ते तीनदा ऐकलं.

"त्या माणसानं मला दर शनिवारी माझी लेक दिली," त्या म्हणाल्या. "तुम्ही खरं सांगितलंत आणि ती पुन्हा गेली."

मी त्यांना यादीवरच्या खुणेचं सांगितलं. सांगताना मान वर करवेना.

"तुमच्यानंसुद्धा पुसवलं नाही ना, सर? मग मला कसं कळायचं होतं?"

मी इंजेक्शन भरून पुढे केलं. त्यांनी बाही वर केली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली. पायाची दोन बोटं वाचली नाहीत.

गेलेल्या माणसाची ओढ लागते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तो आवाज कानावर आला तर खुशाल रडा. पण डोळे पुसून उठा आणि पेटी उघडून बघा. अशा वेळी सगळ्यांत आधी आपण स्वतःच स्वतःला फसवतो, मला विचारा. आणि औषध बंद करायला कोणीही सांगू दे, कितीही ओळखीच्या आवाजात सांगू दे, आधी डॉक्टरांना विचारा. 'औषध घ्या', आमच्या पोरीला लोकांना एवढंच सांगायचं होतं. तिचं राहून गेलं, म्हणून मी सांगतो आहे.